माणसाच्या जिवाचा वटाव



हवामान-बदलाचा विषय निघाला की बहुधा वितळणाऱ्या बर्फाची, चढणाऱ्या समुद्राची आणि कारखान्यांच्या धुराड्यांची चर्चा होते. हे सारे खरेच आहे. परंतु पृथ्वीचे तापमान किती वाढू द्यायचे, त्याला आळा घालण्यासाठी किती खर्च करायचा आणि तो कोणी सोसायचा, हे प्रश्न भौतिकशास्त्र सोडवीत नाही. ते काम गेल्या तीन-चार दशकांत मोठ्या प्रमाणावर अर्थशास्त्रज्ञांच्या हाती गेले आहे. सरकारे धोरण ठरविताना त्यांच्या कोष्टकांकडे पाहतात, आणि त्या कोष्टकांत ‘मानवी कल्याण’ नावाचा एक रकाना असतो. तो कसा भरला जातो, त्यात कोणाचे कल्याण धरले जाते आणि कोणाचे गाळले जाते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय तांत्रिक वाटेल. पण तांत्रिक म्हणून जे तज्ज्ञांवर सोपविले जाते, त्यातच पुष्कळदा सर्वांत मोठा राजकीय निर्णय दडलेला असतो.

जिवाची किंमत

एका जुन्या वादापासून आरंभ करणे सोयीचे होईल. हवामान-बदलाविषयीच्या ज्ञानाचा आढावा घेण्यासाठी १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसी हे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्याचा दुसरा आढावा १९९५ मध्ये तयार होत होता. आर्थिक व सामाजिक बाजूंचा विचार करणाऱ्या तिसऱ्या गटाने त्यातील एका प्रकरणात, तापमानवाढीने जगाचे एकंदर किती नुकसान होईल याचा पैशातील अंदाज मांडला. प्रकरणाचे प्रमुख लेखक डेव्हिड पीअर्स हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ होते. सहलेखकांत भारतीय नावेही होती. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे कर्बवायूचे, प्रमाण दुप्पट झाले तर जागतिक उत्पन्नाच्या दीड ते दोन टक्क्यांइतके नुकसान होईल, असे त्या अंदाजाचे सार होते.

या नुकसानीत मृत्यूंचाही समावेश होता. मृत्यू पैशात मांडायचे तर माणसाच्या जिवाला काही किंमत लावावी लागते. ज्या अभ्यासांवर हे प्रकरण उभे होते त्यांनी ती लावलेली होती : श्रीमंत देशातील माणसासाठी सुमारे १५ लाख डॉलर आणि गरीब देशातील माणसासाठी त्याच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्शाइतकी. याचा अर्थ काय होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या वर्षी उष्म्याने श्रीमंत देशांत १ हजार माणसे दगावली आणि गरीब देशांत १५ हजार. एकास पंधरा या हिशेबाने ही दोन्ही नुकसाने सारखी ठरतात. तापमानवाढीचे बहुसंख्य बळी ज्या देशांत पडणार, त्याच देशांतील जीव स्वस्त धरल्यावर एकंदर नुकसानीचा आकडा लहान दिसणार, हे उघड आहे. नुकसान लहान दिसले की ते टाळण्यासाठी खर्च करणे ‘परवडत नाही’ असे म्हणायला शास्त्राचा आधार मिळतो.

यावर वादळ उठले. ऑब्री मायर या व्यवसायाने संगीतकार असलेल्या गृहस्थांनी लंडनमधील आपल्या ‘ग्लोबल कॉमन्स इन्स्टिट्यूट’ या छोट्या संस्थेमार्फत हा हिशेब जगापुढे आणला. भारताच्या पर्यावरण खात्याचे तत्कालीन मंत्री कमलनाथ यांनी १९९५ मध्ये त्याला लेखी विरोध नोंदविला. प्रकरणाच्या लेखकांनी आपले आकडे मागे घेतले नाहीत. परंतु सरकारांच्या प्रतिनिधींनी मिळून संमत केलेल्या सारांशात, निरनिराळ्या देशांतील जिवांचे मूल्यमापन कसे करावे याबाबत एकमत नाही, ही गोष्ट मान्य करणे भाग पडले. मूळ प्रकरण आणि त्याचा सारांश यांत अशी फारकत झाली.

अर्थशास्त्रज्ञांची बाजू येथे न्याय्यपणे मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, ही कोणा रामभाऊची वा जॉनची किंमत नव्हेच. थोडासा धोका टाळण्यासाठी लोक किती पैसे मोजायला तयार असतात, किंवा धोक्याचे काम पत्करण्यासाठी किती जादा मजुरी मागतात, एवढेच त्यात पाहिले जाते. त्यावरून ‘सांख्यिकीय जीव’ ही कल्पना बेतलेली असते. साधने मर्यादित असल्यामुळे रुग्णालय बांधावे की धरण, हे ठरविताना प्रत्येक सरकार मनातल्या मनात असा हिशेब करीतच असते; तो उघड केला तर बिघडले कुठे?

हिशेब उघड करण्यात काहीच बिघडत नाही. बिघडते ते पुराव्याच्या निवडीत. शहरातील गटारात उतरणारा सफाई कामगार थोड्या रोजावर जीव धोक्यात घालतो. कायद्याने त्यावर बंदी आहे, तरी तो उतरतो. याचा अर्थ त्याला जीव प्यारा नाही असा नसून, त्याच्यापुढे दुसरी वाट नाही असा आहे. त्याच्या त्या लाचारीवरून त्याच्या जिवाचे मोल ठरविणे म्हणजे अन्यायालाच साक्षीदार म्हणून उभे करणे होय. शिवाय ‘धोका टाळायला तू किती पैसे देशील?’ हा प्रश्न मुळात चुकीच्या माणसाला विचारला जातो. शेजाऱ्याने लावलेल्या आगीत ज्याचे घर सापडले आहे, त्याला ‘आग विझवायला किती देतोस?’ असे विचारण्यापैकीच हे आहे. वातावरणात आजवर साठलेल्या कर्बवायूत ज्यांचा वाटा नगण्य, त्यांच्या रिकाम्या खिशावरून त्यांच्या नुकसानीचे माप काढले जाते. १९९५च्या वादानंतर, गरिबाच्या नुकसानीला अधिक भार देऊन हिशेब करण्याच्या रीती अर्थशास्त्रातच पुढे आल्या, ही समाधानाची गोष्ट. पण उत्पन्नाप्रमाणे जिवाचे मूल्य बदलण्याची पद्धत संपलेली नाही. कित्येक प्रतिमानांत ती आजही आहे.

उद्याच्या माणसावरील वटाव

देशादेशांत जसा हा भेद केला जातो, तसाच तो पिढ्यापिढ्यांतही केला जातो. त्याचे साधन म्हणजे वटाव-दर. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या रकमेची हुंडी आज वटवायला नेली तर सावकार काही रक्कम कापून घेतो. दूरच्या भविष्यातील नुकसान आजच्या पैशात मांडताना अर्थशास्त्रज्ञही हेच करतात. शंभर वर्षांनी होणारे १ कोटी रुपयांचे नुकसान दरसाल ५ टक्के दराने वटविले, तर त्याची आजची किंमत सुमारे ७६ हजार रुपये उरते. तेच १.४ टक्के दराने वटविले तर ती सुमारे २५ लाख रुपये होते. दोन्ही उत्तरांचे गणित अचूक आहे. फरक पडतो तो दर कोणता निवडला यामुळे. आणि तो निवडताना नातवंडांच्या पिढीविषयी काय वाटते, हे आधीच ठरलेले असते.

ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये जो अहवाल तयार केला, त्यात सुमारे १.४ टक्के दर धरलेला होता. त्यामुळे तातडीने व मोठ्या प्रमाणावर पावले उचलावीत, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाउस यांनी त्यावर टीका केली. बाजारात भांडवलावर मिळणारा परतावा पाहूनच दर ठरवावा, असे त्यांचे मत. त्यांचा दर याच्या कितीतरी वर होता आणि म्हणून त्यांचा सल्ला सावकाश जाण्याचा होता. ८ ऑक्टोबर २०१८ या एकाच दिवशी दोन घोषणा झाल्या. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची निकड सांगणारा आयपीसीसीचा विशेष अहवाल प्रसिद्ध झाला आणि नॉर्डहाउस यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्या सुमारास त्यांच्या प्रतिमानाच्या मते शतकाअखेर सुमारे ३.५ अंशांची वाढ ‘इष्टतम’ ठरत होती. पुढे त्यांनी सहकाऱ्यासह सुधारलेल्या प्रतिमानात हा आकडा अडीच अंशांहून थोडा वर, इतका खाली आला, हेही नमूद केले पाहिजे. शास्त्रज्ञाने आपला अंदाज सुधारणे हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. परंतु ‘इष्टतम’ हा शब्द किती तकलादू पायावर उभा असतो, हेही त्यावरून दिसते.

वटावाला एक सयुक्तिक आधार आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पुढच्या पिढ्या आजच्यापेक्षा श्रीमंत असतील तर त्यांच्या एका रुपयाचे मोल आजच्या गरिबाच्या रुपयाहून कमी धरावे, हा तर समतेचाच विचार झाला. मात्र केवळ उशिरा जन्माला येणार म्हणून कोणाचे सुखदुःख कमी लेखणे ही वेगळी गोष्ट होय. केंब्रिजच्या फ्रँक रॅम्झी या तरुण गणितज्ञाने १९२८ मध्येच अशा वटावाला नीतीचा आधार नाही, तो कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येतो, असे बजावले होते. आणि सर्वच नातवंडे श्रीमंत होतील, हे तरी कोणी ठरविले? बांगलादेशच्या किनाऱ्यावरील वा मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा नातू २०८० मध्ये आजच्या अमेरिकन माणसाहून सुस्थितीत असेल, असे समजून त्याचे नुकसान वटविणे हे धाडसाचेच म्हटले पाहिजे.

या निवडींचे राजकारण अमेरिकेत अगदी उघडे पडले. तेथे १ टन कर्बवायूने समाजाचे किती नुकसान होते याचा आकडा सरकारी नियम करताना वापरला जात असे. ओबामा यांच्या कारकीर्दीत तो ४० ते ५० डॉलरांच्या घरात होता. २०१७ नंतर ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीत तो १ ते ७ डॉलरांवर आला. कारण केवळ अमेरिकेच्या सीमेच्या आतील नुकसान मोजायचे आणि वटाव-दर ७ टक्क्यांपर्यंत धरायचा, असे ठरले. डिसेंबर २०२३ मध्ये बायडेन सरकारच्या पर्यावरण खात्याने २ टक्के दर धरून आणि साऱ्या जगाचे नुकसान मोजून तो १९० डॉलरांवर नेला. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सत्तापालट झाला आणि हा आकडा ठरविणारा आंतरखातीय गटच विसर्जित करण्यात आला. या साऱ्या काळात कर्बवायूच्या गुणधर्मांत तिळमात्र फरक पडला नव्हता. माणूस म्हणून कोणाला मोजायचे, याचे उत्तर तेवढे बदलत होते.

राष्ट्रीय उत्पन्नाचा भ्रम

तिसरा दोष आणखी खोलवरचा आहे. बहुतेक प्रतिमाने मानवी कल्याण म्हणून जे मोजतात ते उपभोगाचे, म्हणजे अखेर राष्ट्रीय उत्पन्नाचेच मोजमाप असते. अमेरिकेचे राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी बसविली त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये तेथील सिनेटला सादर केलेल्या अहवालात, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज करता येणार नाही, असे बजावले होते. इशारा विसरला गेला आणि आकडा तेवढा राहिला.

त्याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. नॉर्डहाउस यांनी १९९१ मध्ये असा युक्तिवाद केला की, अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नापैकी सुमारे ८७ टक्के भाग हवामानाचा फारसा परिणाम न होणाऱ्या व्यवसायांतून येतो. हवामानावर थेट अवलंबून असलेली शेती, वनव्यवसाय यांचा वाटा केवळ ३ टक्के. तेव्हा शेतीला धक्का बसला तरी अर्थव्यवस्थेला मोठी झळ पोहोचणार नाही. थॉमस शेलिंग यांच्यासारख्या विद्वानानेही अशाच अर्थाची मांडणी केली. पण अन्नाचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा लहान असतो तो अन्न मुबलक आणि स्वस्त असते म्हणून. ते दुर्मीळ झाले की तोच वाटा फुगत जातो आणि बाकीचे सारे व्यवसाय त्याच्यापुढे फिके पडतात. पाणी स्वस्त आणि हिरा महाग, या ॲडम स्मिथपासून चालत आलेल्या कोड्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. जगाच्या भवितव्याचा हिशेब करताना मात्र ते विस्मरणात जाते.

महाराष्ट्राला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि तलावांचे बांध घालायला दुष्काळी कामांवर गेली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्या वर्षाचे मोल राज्याच्या उत्पन्नात पडलेल्या खड्ड्यावरून कळणार नाही. विकलेली जनावरे, मुलांची सुटलेली शाळा, ओस पडलेली घरे, यांतले किती त्या आकड्यात उतरले असेल? आजही भारताच्या एकूण उत्पादनात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास असला, तरी काम करणाऱ्या लोकसंख्येपैकी सुमारे ४५ टक्के माणसे शेतीवर आहेत. उत्पादनाचे टक्के मोजणाऱ्याला शेती लहान दिसते. माणसे मोजणाऱ्याला तीच सर्वांत मोठी दिसते.

उलट बाजूचे उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० मध्ये त्या शहरात तापमान ४६.८ अंशांवर गेले. नेहमीच्या मे महिन्यांशी तुलना करून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा की, त्या एका महिन्यात १,३४४ माणसे अधिक मेली. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्मा-आराखडा अमलात आणला. आदल्या दिवशी इशारा देणे, पिण्याच्या पाण्याची व सावलीची सोय करणे, दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना उष्माघाताचे शिक्षण देणे, अशी साधी कामे त्यात होती. पुढील अभ्यासाने यामुळे वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज दिला. याने राष्ट्रीय उत्पन्नात काय भर पडली? जवळजवळ काहीच नाही. त्याच शहरात काही हजार वातानुकूलन-यंत्रे विकली गेली असती, तर ती भर मात्र ठळकपणे दिसली असती. आणि त्या यंत्रांनी बाहेर फेकलेली गरम हवा पदपथावरील हातगाडीवाल्याने सोसली असती.

गरजेपासून आरंभ

मग मोजायचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या संशोधनाची एक परंपरा आहे आणि तिचा एक धागा पुण्यात सापडतो. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी प्रश्नच उलटा विचारला. माणसाला जगायला किती लागते, येथून त्यांनी आरंभ केला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्यासाठी १९६०-६१च्या किमतींनुसार खेड्यात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागतो, असे त्यांनी दाखविले. आणि खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के माणसे त्या रेषेखाली असल्याचे मांडले. त्यावर टीका झाली, ती योग्यही होती. माणूस म्हणजे केवळ पोट नव्हे. आरोग्य, शिक्षण, घर, प्रतिष्ठा यांचा त्यात विचार नव्हता. परंतु आरंभाची जागा बरोबर होती. पुढे अमर्त्य सेन यांनी, माणसाला काय करता येते आणि काय होता येते, हे कल्याणाचे माप मानले. मेहबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० पासून मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला.

हवामान-बदलाच्या संशोधनात हीच दिशा आता धरली जात आहे. २०२० मध्ये जोएल मिलवर्ड-हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला. पक्के घर, पुरेसे अन्न, पाणी, आरोग्यसेवा, शिक्षण, प्रवास आणि दळणवळण या साऱ्यांसह सभ्य जीवन जगण्यासाठी २०५० मध्ये माणशी वर्षाला सरासरी सुमारे १५ गिगाज्यूल ऊर्जा पुरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. विजेच्या युनिटांत सांगायचे तर ही सव्वाचार हजार युनिटांच्या आसपासची ऊर्जा झाली. स्वयंपाक, वाहतूक, कारखाने सर्व धरून. जगातील साऱ्या माणसांना हे द्यायचे म्हटले, तरी एकूण ऊर्जावापर आजच्याहून ६० टक्क्यांनी कमी होऊ शकतो. मात्र त्यासाठी उत्तमोत्तम तंत्र सर्वांपर्यंत पोहोचले पाहिजे आणि चैनीच्या वापराला आळा बसला पाहिजे. चुलीतल्या सरपणात जळणारी ऊर्जा आणि चांगल्या शेगडीत वापरलेली तेवढीच ऊर्जा यांतून मिळणारे कल्याण सारखे नसते. एकीतून भाकरीबरोबर डोळ्यांत आणि फुप्फुसांत धूरही मिळतो.

याचा अर्थ सर्व काही सहज साध्य आहे असा नव्हे. डॅन ओ’नील आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुमारे दीडशे देशांची पाहणी केली, तेव्हा निसर्गाच्या मर्यादेत राहून सर्व नागरिकांच्या मूलभूत गरजा भागविणारा एकही देश त्यांना आढळला नाही. पण देशादेशांतील अंतर बोलके आहे. कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतील लहान देशात सरासरी आयुर्मान ८० वर्षांच्या आसपास आहे आणि दरडोई कर्बवायूचे उत्सर्जन २ टनांहून कमी. अमेरिकेत उत्सर्जन सुमारे १४ टन आणि आयुर्मान ८० वर्षांच्या आतच. येफिम फोगेल, जुलिया स्टाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १०६ देशांच्या अभ्यासातून, थोड्या ऊर्जेत गरजा कोठे भागतात याची कारणे शोधली. चांगल्या सार्वजनिक सेवा, उत्पन्नातील समता, लोकशाही आणि घराघरांत पोहोचलेली वीज, ही त्यांना सापडलेली कारणे होत. एका मर्यादेनंतरची केवळ आर्थिक वाढ मात्र त्यांना उपकारक आढळली नाही. समतेचा आग्रह आजवर न्यायाच्या नावाने धरला गेला. आता मोजमापाच्या शास्त्रातूनही तिकडेच बोट दाखविले जात आहे.

घरातला हिशेब

जगाच्या व्यासपीठावर भारताने हा न्यायाचा मुद्दा सातत्याने मांडला. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच दाखवून दिले होते की, गरीब शेतकऱ्याच्या भातखाचरातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच मापाने मोजणे हा पर्यावरणाच्या नावाने चाललेला वसाहतवाद आहे. १९९३ मध्ये हेन्री श्यू या अमेरिकन तत्त्वज्ञाने हाच भेद निर्वाहासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन अशा शब्दांत मांडला. तो जगाने स्वीकारावा, ही मागणी रास्तच आहे.

पण जो न्याय जगाकडे मागायचा तो घरात लागू करायचा नाही, हे चालणार नाही. दरडोई सुमारे २ टन ही भारताची सरासरी आहे, आणि सरासरीच्या आडोशाला पुष्कळ जण उभे असतात. ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने २००७ मध्ये, भारतातील श्रीमंत वर्ग गरिबांच्या कमी उत्सर्जनामागे दडत आहे, असा अहवाल प्रसिद्ध केला होता. तेव्हा तो अनेकांना बोचला. त्यातील प्रश्न आजही तसाच आहे. मुंबईतील उंच इमारतीत रात्रंदिवस चालणारे वातानुकूलन आणि त्याच इमारतीच्या बांधकामावर उन्हात विटा वाहणारी बाई, या दोघांची सरासरी काढून जिनिव्हात वा पॅरिसमध्ये मांडली जाते. तिच्या वाट्याचे उत्सर्जन त्या इमारतीने वापरले. तिला त्याच्या बदल्यात काय मिळाले?

अहमदाबादनंतर अनेक राज्यांनी आणि शहरांनी उष्मा-आराखडे केले. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’ या संस्थेने २०२३ मध्ये अशा ३७ आराखड्यांची तपासणी केली. बहुतेकांना स्वतःचा निधी नव्हता, आणि धोका नेमका कोणाला आहे याचा शोधही फारच थोड्यांनी घेतला होता. शेतमजूर, बांधकाम कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, पत्र्याच्या झोपडीत राहणारी म्हातारी माणसे यांची गणतीच झालेली नसेल, तर त्यांच्या रक्षणासाठी पैसा कोठून येणार? १९९५ मध्ये परदेशी प्रकरणाने भारतीय जीव स्वस्त धरला म्हणून जो देश खवळून उठला, त्याच देशाच्या अंदाजपत्रकांत या माणसांच्या नावाचा रकाना कोरा असावा, हे शोभणारे नाही.

म्हणून मागणी अर्थशास्त्र सोडून देण्याची नाही. ते उघड्यावर आणण्याची आहे. धरण असो, औष्णिक वीजकेंद्र असो की किनाऱ्यावरचा रस्ता, त्याच्या लाभ-खर्चाच्या पत्रकात वटाव-दर कोणता धरला, मृत्यू आणि आजारपण कसे मोजले, लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि तोटा कोणाच्या, हे मराठीत, सामान्य नागरिकाला कळेल अशा भाषेत प्रसिद्ध झाले पाहिजे आणि ग्रामसभेत, महापालिकेत त्यावर चर्चा झाली पाहिजे. उष्म्याच्या दिवसांत कामाच्या वेळा बदलणे, बुडालेल्या रोजाची भरपाई, कामाच्या जागी पाणी आणि सावली, हे हक्क कायद्याने मिळाले पाहिजेत. त्यांचा खर्च चैनीच्या उत्सर्जनावरील करातून काढणे न्यायाला धरून होईल. हे परवडेल काय, असा प्रश्न अवश्य विचारला जावा. फक्त तो विचारणाऱ्याने आधी एवढे सांगावे की, या हिशेबात वीट वाहणाऱ्या बाईच्या जिवाला त्याने किती किंमत लावली आहे.